सातशे एकोणतीस तुकडे

पिंपळे सौदागर म्हटलं की पुण्यातल्या आयटीवाल्यांना काय आठवतं? टू बीएचके, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर आणि सकाळी साडेआठला हिंजवडीच्या दिशेने सरकणारी (शब्द मुद्दाम निवडलाय) गाड्यांची रांग. त्या रांगेत मीही असतो. पण शेतीच्या अर्थशास्त्राचे आणि ग्रामीण समाजशास्त्राचे अभ्यासक हे नाव ऐकून कान टवकारतात ते वेगळ्याच कारणासाठी. १९१७ साली या गावावर एक पुस्तक निघालं. त्यातले आकडे पुढे कितीतरी वर्षं 'हिंदुस्थानातला शेतकरी गरीब का' या विषयावरच्या पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसले होते. आज ज्या गावात शेत औषधालाही सापडणार नाही, ते गाव शेतीच्या पुस्तकांत अजरामर झालंय.

पुस्तकाचं नाव 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज', लेखक डॉ. हॅरल्ड मॅन. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेतला हा पहिला ग्रंथ. मॅनसाहेब मूळचे रसायनशास्त्रज्ञ. १९०० साली चहामळेवाल्यांच्या संस्थेचे शास्त्रज्ञ म्हणून हिंदुस्थानात आले आणि १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. पण या रसायनशास्त्रज्ञाला आधीपासून एक वेगळा नाद होता. राऊंट्री नावाच्या गृहस्थांनी यॉर्क शहरात घरोघर फिरून गरिबी मोजली होती, आणि तीच पद्धत मॅननी इंग्लंडमधल्या रिजमाउंट नावाच्या एका खेड्याला लावून पाहिली होती. एक घर, त्याचं उत्पन्न, त्याची किमान गरज, आणि मग सरळ वजाबाकी. खेड्यात कसं सगळं स्वच्छ, निवांत आणि भरल्या पोटाचं असतं, हा शहरी लोकांचा लाडका समज त्या वजाबाकीत टिकला नाही.

पुण्यात आल्यावर तीच फूटपट्टी त्यांनी पवनेकाठच्या या गावाला लावली. सोबत सहस्रबुद्धे, कानिटकर, ताम्हणे अशी कृषी महाविद्यालयातली मंडळी होती. माती, पाणी, विहिरी, पिकं, गुरं, कर्ज, सगळं मोजलं. ग्रामीण समाजशास्त्राची सुरुवात आपल्याकडे अशी एका केमिस्टच्या हातून व्हावी ही गंमतच. (त्याच सुमारास, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' निघाला होता. आत्रे महसूल खात्यात नोकरी केलेले, त्यामुळे त्यांना गाव आतून ठाऊक. बलुतेदार, वतनदार, भिक्षेकरी, या सगळ्यांचा भार अखेर कुणब्याच्या पाठीवर कसा येतो हे त्यांनी दाखवलं. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत. आत्र्यांकडे माणसं आहेत, मॅनकडे तक्ते. मला दोन्ही लागतात.)

आता आकडे. जुन्या नोंदींवरून मॅननी काढलं की १७७१ मध्ये या गावात एका खात्याला सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ मध्ये, म्हणजे पेशवाई बुडाली तेव्हा, साडेसतरा एकर. १८२० ते १८४० च्या दरम्यान १४. आणि १९१४-१५ मध्ये ७.

हा उतार पाहून पहिल्यांदा धस्स होतं. पण मला इथे थोडी शंका घ्यावीशी वाटते. १७७१ चा खातेदार म्हणजे एक माणूस नव्हे. त्याच्या नावामागे चार भाऊ, त्यांची पोरं, चुलते, असं सगळं खटलं उभं असणार. १९१५ चा खातेदार वेगळी चूल मांडलेला. दोन सरासऱ्यांच्या खाली मोजायचं एककच वेगळं असेल तर उतार दिसतो त्याहून थोडा कमी धरावा. तरी ४० आणि ७ मधला फरक काही एवढ्याने भरून निघत नाही.

आणि सरासरीपेक्षा वाईट गोष्ट पुढेच आहे. १९१५ च्या सुमारास गावात १५६ जमीनमालक होते आणि त्यांच्या जमिनीचे सुटे तुकडे होते ७२९. त्यातले ४६३ एक एकराच्या आतले. ११२ तर पाव एकरापेक्षाही लहान. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. त्यात नांगराला बैल जोडले तर जोडी वळवण्यातच अर्धी जागा जायची.

एकाच माणसाची सात एकर जमीन पाच ठिकाणी का? साहेबांच्या बऱ्याच अहवालांत यावर 'अडाणीपणा' एवढंच उत्तर असे. पण वाटणी ज्याने पाहिलीय त्याला हे कोडं पडत नाही. बापाची जमीन कधीच एकसारखी नसते. नदीकडेला काळी, वर मुरमाड, एक तुकडा विहिरीखालचा, एक ओढ्यापलीकडचा. तिघा भावांना सारखं द्यायचं तर काळी एकाला आणि मुरूम दुसऱ्याला असं करून चालत नाही. मग काळीचे तीन भाग, मुरमाचे तीन, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या तीन. न्याय पक्का झाला आणि शेताचा चिवडा झाला. बरं, यात शहाणपणही आहे. पाऊस दगा देतो तेव्हा सगळीकडे सारखा देत नाही. वरचं वाळलं तर खालचं हाताशी येतं. आजकालच्या भाषेत डायव्हर्सिफिकेशन.

हा सगळा इतिहास तुमच्या-माझ्या घरातच पडून आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. फ्लॅटचा करारनामा काढा आणि मागचं परिशिष्ट उघडा. तिथे जमिनीचा नंबर दिसेल. समजा, 'स. नं. ४२/३/१/२' (हा नंबर मी उदाहरणादाखल बनवलाय). मला तर हा सरळ फोल्डरचा पाथ वाटतो. ४२ हा ब्रिटिशांच्या मोजणीत पडलेला मूळ सर्व्हे नंबर. ३ म्हणजे त्याचा तिसरा हिस्सा, त्यात पुन्हा वाटणी होऊन १, आणि त्यातही पुन्हा २. प्रत्येक तिरक्या रेघेमागे कुणीतरी गेलेला आहे, कुणीतरी वेगळं झालेलं आहे, आणि बहुधा भावाभावांचं बोलणं बंद झालेलं आहे. त्याखाली मालकांची नावं. माझ्या करारनाम्यात ती दीड पानभर आहेत. कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलाने वैतागून त्यांच्यापुढे पेन्सिलीने टिका केल्या होत्या. मी मात्र ती यादी मॅनचं पुस्तक हातात आल्यावर पहिल्यांदा नीट वाचली.

परत १९१५ कडे. मॅनचा खरा प्रश्न तुकड्यांचा नव्हताच. त्यांना विचारायचं होतं की हे घर चालतं का? १०३ कुटुंबांचा त्यांनी जमाखर्च मांडला आणि तीन गट पाडले. पहिला गट, ज्यांचं नुसत्या जमिनीवर नीट भागतं. अशी घरं ८. दुसरा, ज्यांचं जमीन अधिक बाहेरची मजुरी मिळून भागतं. अशी २८. तिसरा, ज्यांचं काही केल्या भागत नाही. अशी ६७. म्हणजे शंभरातली पासष्ट घरं तोट्यात, आणि तोटा भरायला सावकार.

यातला मधला आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आठ घरं शेतीवर तगलीत आणि त्याच्या साडेतीनपट घरं बाहेरच्या पैशावर. बाहेर म्हणजे कुठे? जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना होता. माणसं सकाळी तिकडे कामाला जात. म्हणजे आपण ज्याला 'पूर्वीचं स्वयंपूर्ण खेडं' म्हणून उसासे टाकतो, ते या गावात १९१५ सालीच संपलं होतं. तेव्हाही लोक कामाला जात-येतच होते. माझ्यासारखेच, फक्त पायी.

मॅननी नंतर दुसरं गाव घेतलं. शिरूर तालुक्यातलं जातेगाव बुद्रुक. कोरडवाहू, शहरापासून लांब. कानिटकरांबरोबरचा हा अभ्यास १९२१ मध्ये छापला गेला. तिथे न भागणाऱ्या घरांचं प्रमाण शेकडा ८५ निघालं. दोन गावांत पाऊसपाण्याचाही फरक आहे, त्यामुळे सगळं श्रेय खडकीच्या कारखान्याला देणं बरोबर नाही. पण ६५ आणि ८५ हे आकडे शेजारी ठेवले की त्या मधल्या गटाचं महत्त्व कळतं.

आणि नेमक्या या जागी आणखी एक माणूस या गोष्टीत येतो, ज्याची इथे बहुतेकांना अपेक्षा नसते.

१९१८ साली 'जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी'मध्ये हिंदुस्थानातल्या लहान धारणक्षेत्रांवर आणि त्यावरच्या उपायांवर एक निबंध आला. लेखक भीमराव रामजी आंबेडकर. वय सत्तावीस. कोलंबियाहून शिकून आलेले, लंडनचं शिक्षण अर्धवट सोडावं लागलेलं, आणि आदल्याच वर्षी बडोद्यात नोकरीवर असताना जातीपायी राहायला जागा मिळेना म्हणून परत आलेले. सिडनेहॅम कॉलेजात ते शिकवायला लागले तेही याच वर्षाच्या शेवटी. या निबंधात त्यांनी शेतीखात्याचे कीटिंग, मॅन वगैरे मोठ्या लोकांच्या मांडणीची तपासणी केली. तपासणी म्हणजे खरोखर कोड रिव्ह्यू म्हणावा अशी.

मुद्दा असा होता. सगळे तज्ज्ञ म्हणत होते की जमीन 'किफायतशीर' हवी. किफायतशीर म्हणजे किती? तर जिच्यावर एक कुटुंब बऱ्यापैकी जगेल इतकी. आंबेडकर म्हणाले, ही व्याख्याच उलटी आहे. कुटुंबाला खायला किती लागतं हा खर्चाच्या बाजूचा प्रश्न झाला. शेती हा धंदा आहे, आणि धंद्याचं माप त्यात वापरलेल्या साधनांशी जुळवून ठरतं. किती बैल, किती नांगर, किती भांडवल, किती हात. एकराचा आकडा सुटा घेऊन तो लहान की मोठा हे सांगताच येत नाही. आणि आपल्याकडच्या शेतकऱ्याजवळ साधनं इतकी तोकडी आहेत, की त्या हिशोबाने आहे ती जमीन लहान नाही, उलट मोठीच आहे!

हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते पुन्हा वाचलं. सात एकर म्हणजे मोठी? पण विचार करा. दोन-तीन घरांत मिळून एक बैलजोडी असेल तर चौदा एकर करून काय उपयोग? पेरणीचा वाफसा तीन दिवसांचा, आणि बैल एकच.

मग रोग कुठे आहे? आंबेडकरांचं उत्तर होतं, जमिनीत नाही, जमिनीवर टेकलेल्या माणसांच्या संख्येत. दुसरं काम नाही म्हणून सगळे शेतावर. त्यातले कितीतरी हात नुसते रिकामे, पण तोंडं खातात. मालक वाढतात म्हणून तुकडे पडतात. तुकडे हे लक्षण. ते एकत्र जोडून कायद्याने एका भावाच्या नावावर केले, तर बाकीच्या भावांनी जायचं कुठे? उपाय म्हणजे उद्योगधंदे वाढवणं. शेतीवरचे जादा हात तिकडे वळले की शेती आपोआप सुधारेल.

बग रिपोर्ट एकच, पण रूट कॉजवर मतभेद, असा हा प्रकार आहे. आणि माझं मत विचाराल तर मॅनच्याच तक्त्यातला तो २८ चा आकडा आंबेडकरांच्या बाजूने साक्ष देतो. तुकडे जोडून नव्हे, खडकीच्या पगाराने ती २८ घरं तरली होती.

नऊ वर्षांनी हा वाद कागदावरून कायदेमंडळात आला. १९२७ मध्ये मुंबई सरकारने लहान धारणक्षेत्रांबाबत विधेयक आणलं. आंबेडकर तेव्हा कौन्सिलात होते आणि त्यांनी विरोध केला. यातून भूमिहीनांची फौज तयार होईल, असा त्यांचा रोख होता. ते विधेयक बारगळलं. पुढे १९४७ मध्ये मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झालाच. त्यातून काय झालं? वाटण्या थांबल्या नाहीत, सातबाऱ्यावर सामाईक नावांची रांग तेवढी वाढली. २००१ साली गुंठेवारीसाठी वेगळा कायदा करावा लागला, यातच काय ते आलं.

आणि पिंपळे सौदागर? तिथे आंबेडकरांचा उपाय प्रत्यक्ष घडला. कुणी ठरवून केला नाही, पण घडला. १९५४ मध्ये पलीकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात बजाज, टेल्को आणि त्यांच्या मागे शेकडो लहान कारखाने. १९६० मध्ये डिसकळकरांनी या गावाची केलेली फेरपाहणी पुस्तकरूपाने आली. त्याच वर्षी, योगायोग पाहा, डॉ. घुर्यांचं लोणीकंदवरचं पुस्तकही आलं. नगर रस्त्यावरच्या त्या गावाची पाहणी कोट्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८२० च्या आगेमागे केली होती. घुर्ये आयुष्यभर पुस्तकांच्या ढिगाऱ्यात रमलेले, फिल्डवर क्वचितच जाणारे. पण सव्वाशे वर्षांनी गाव कुठे पोचलं हे त्यांनाही पाहावंसं वाटलं. हे शक्य झालं कारण कोट्सने आणि मॅनने गावाची खरी नावं छापली. नंतरच्या समाजशास्त्रज्ञांनी सभ्यता म्हणून टोपणनावं दिली. श्रीनिवासांचं 'रामपुरा', वायझर दांपत्याचं 'करीमपूर', आणि पुणे जिल्ह्यातल्या एका गावाला हेन्री ओरेनस्टीन यांनी दिलेलं नाव तर नुसतंच 'गाव'. माणसांची अब्रू झाकली जाते हे खरंय. पण सामान्य वाचकाला शंभर वर्षांनी तिथे जाऊन ताडून पाहण्याची सोय राहत नाही.

१९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीचं आयटी पार्क आलं आणि आमच्यासारख्यांना राहायला घरं हवी झाली. ज्या दहा गुंठ्यांत बैल वळत नव्हते, तिथे आता पार्किंगसह इमारत वळू लागली. मॅनच्या तक्त्यातले ते ११२ दळिद्री तुकडे एकदम सोन्याच्या भावाचे झाले. पुण्याच्या भाषेत 'गुंठामंत्री' हा शब्द तेव्हाचा. त्यात कुत्सितपणा आहे, आणि तो मला आवडत नाही. तीन पिढ्या सावकाराचं व्याज भरणाऱ्या घराने एक गाडी घेतली तर आपल्याला एवढं हसू का येतं?

पण पैसे कुणाला मिळाले हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला. दुसऱ्याच्या रानात राबलेल्याचं नाव तिथे नव्हतं. आणि बायकांचं जवळपास नव्हतंच. महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. त्यानंतर गावोगाव बहिणींना एकदम माहेरी बोलावणी यायला लागली. साडीचोळी, जेवण आणि हक्कसोडपत्रावर सही. मॅनच्या १०३ घरांच्या हिशोबात घर हे एकच एकक आहे. त्या घराच्या आत कुणाच्या वाट्याला काय येतं, ते त्यात दिसत नाही.

आमच्या आत्याने अशी सही दिलीय. आमची जमीन लातूरकडे. आजोबांची अठरा एकर. तीन भावांत सहा-सहा. मग माझ्या आणि धाकट्याच्या नावावर तीन-तीन, तीही दोन ठिकाणी. करतो सगळी चुलतभाऊ. खताला वगैरे कमी पडलं तर मी पाठवतो. सध्या प्रश्न असा आलाय की आमचा वाटा त्याच्या नावे करून द्यायचा का. तुकडे जोडले जातील, त्याला विहिरीसाठी कर्ज मिळायला सोपं जाईल, मॅनसाहेब खूश होतील. धाकट्याचं म्हणणं, नोकरीचा काय भरवसा, आपले तीन एकर असू देत. आणि आत्याचा वाटा? हे मी विचारलं तेव्हा फोनवर जरा वेळ कुणी बोललं नाही. अजून काही ठरलेलं नाही.

पिंपळे सौदागरची पुढची पाहणी कुणी करायला घेतली तर त्याने शेत शोधू नये. करारनाम्यांची परिशिष्टं वाचावीत आणि मग गेटवरच्या केबिनमध्ये बसावं. आमच्या सोसायटीचे रात्रपाळीचे वॉचमनकाका परभणी जिल्ह्यातले. अडीच एकर, सोयाबीन आणि तूर. त्यांना मी मॅनचाच प्रश्न विचारला, नुसत्या जमिनीवर घर भागतं का? ते म्हणाले, "साहेब, हा पगार बियाण्यालाच तर जातो." म्हणजे दुसरा गट, तोच २८ घरांचा, फक्त खडकीच्या ठिकाणी आता पिंपळे सौदागर आलंय. जूनमध्ये पाऊस पडला की ते पेरणीसाठी पंधरा दिवस रजेवर जातात. बदली येणारा माणूस त्यांच्याच गावचा असतो. त्याला जमीन नाही, त्यामुळे त्याला रजा लागत नाही.